खुर्द्यावरच्या राण्या



नाण्यांवर बोलावयास उभ्या राहिलेल्या माणसाने प्रथम आपला अधिकार सांगावा, अशी रीत आहे. माझ्यापाशी तसा अधिकार नाही. नाणेशास्त्राची पदवी सोडाच, शाळाही मी रात्रीची केली. कामगारांच्या वर्गणीची पावती फाडावयाची आणि आलेली चिल्लर मोजून डब्यात टाकावयाची, एवढाच माझा नाण्यांशी आयुष्यभराचा संबंध. तरीही रोमच्या तांब्यापितळेच्या नाण्यांचा नाद मला लागला. तो कसा लागला, हे सांगितल्यावाचून पुढचे बोलणे उलगडणार नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यांतले कितीतरी आपल्या ह्या सातारा-सांगलीकडच्या दुष्काळी गावांतले होते. माझे वडील त्यांपैकीच एक. पहिले दोनचार महिने उमेदीत गेले. पावसाळा आला तेव्हा ते गावी परतले होते आणि घरातला दाणा संपत आला होता. एके दिवशी आजीने फडताळातून एक गाठोडे काढले. त्यात तिची माहेरची माळ होती. सात राणीछाप रुपये, प्रत्येकाला डाक देऊन बसवलेली कडी. मी बारा वर्षांचा होतो. तिच्याबरोबर सराफकट्ट्यावर गेलो. सराफाने माळ उलटीपालटी केली, काट्यात टाकली, कड्यांच्या डाकाची घट वजा धरली आणि भाव सांगितला. आजी म्हणाली, "अहो, राणी हाय त्यावर." सराफ हसून म्हणाला, "आजी, राणीचं काय घेऊन बसलात? तोळ्यावर भाव असतो."

तो लबाड नव्हता. राणीछाप रुपया बरोबर एक तोळ्याचा, आणि चांदी आटवावयास घेतली म्हणजे तिच्यावर कोणाचे तोंड आहे ह्याला किंमत नसते. परंतु आजीच्या लेखी राणीला किंमत होती. व्हिक्टोरियाचे राज्य काय होते हे तिला ठाऊक नव्हते. एक बाई आहे, तिच्या डोक्यावर मुकुट आहे, आणि ती आपल्या गळ्यात आहे, एवढे तिला पुरेसे होते. नाण्यावर बाईचे तोंड का घालतात, त्याचा लाभ कोणाला होतो आणि ते पाहणारीला काय मिळते, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्याबरोबर राहिला. पुढे पाळ्या सांभाळून वाचनालयात बसू लागलो, तेव्हा त्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत भरघोस उत्तर रोमच्या नाण्यांत सापडले.

रोमच्या चलनाची रचना आधी ध्यानात घेऊ. सम्राट ऑगस्टसच्या काळापासून जी पद्धत स्थिरावली तीत एका सोन्याच्या ऑरियसचे २५ चांदीचे दिनार, एका दिनाराचे ४ सेस्टर्शियस आणि एका सेस्टर्शियसचे ४ ॲस होत. सेस्टर्शियस पितळेचा, ॲस तांब्याचा. अभ्यासक ह्या सगळ्यांना सोयीसाठी कांस्य नाणी म्हणतात. आपण खुर्दा म्हणू. सोने सरदारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पेटीत जाई, चांदी शिपायांच्या पगारात. खुर्दा बाजारात फिरे. पाँपेई नगरातल्या एका गुत्त्याच्या भिंतीवर भाव लिहिलेले सापडले आहेत. त्यांत साधी दारू एका ॲसला आहे. शेर-दोन शेर पीठमीठ घेणाऱ्या माणसाच्या हातात जे नाणे सदैव असे, ते हे.

आणि चित्र काढावयास जागा होती तीही ह्याच नाण्यावर. सेस्टर्शियस सुमारे २५ ग्रॅम वजनाचा, म्हणजे आजीच्या दोन राणीछाप रुपयांहून जड, आणि तीन सेंटिमीटरांहून रुंद. पुण्यातल्या एका नाणेसंग्राहक स्नेह्याने एकदा तो माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूस उजवीकडे पाहणारी एक स्त्री, केसांची वेणी डोक्यावर गुंडाळलेली. दुसऱ्या बाजूस उभी देवता, आणि दोन ठसठशीत अक्षरे, 'एस सी', म्हणजे सिनेटच्या ठरावाने. वर्तमानपत्रे नव्हती, बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. अशा काळात सरकारला जे सांगावयाचे ते ह्या चकतीवर ठोकून लाखो हातांत देता येत असे.

मग बायकांच्या तोंडून सरकारने काय सांगितले?

आरंभ लिव्हियापासून करू. ती ऑगस्टसची विधवा आणि टायबेरियस सम्राटाची आई. इसवी सन २२ मध्ये ती आजारी पडली आणि उठली. त्याच सुमारास निघालेल्या एका पितळी नाण्यावर एका स्त्रीचे सुंदर मस्तक आहे आणि खाली शब्द आहेत 'सालुस ऑगस्टा', म्हणजे आरोग्याची, क्षेमाची देवता. चेहरा लिव्हियाचाच असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण नाव देवतेचे आहे. बाईचे तोंड आणि देवीचे नाव, ही युक्ती रोमला सापडली ती अशी. राजाच्या आईला उघडपणे सत्ता दिली तर सिनेट बिथरते. देवी म्हणून दाखविली तर कोणी हरकत घ्यावयाची?

पंधरा वर्षांनी कॅलिग्युला गादीवर आला. त्याने ३७-३८ साली एक सेस्टर्शियस काढला, तो ह्या विषयातला सर्वांत बोलका दस्तऐवज आहे. नाण्याच्या मागच्या बाजूस त्याच्या तीन बहिणी ओळीने उभ्या आहेत, प्रत्येकीच्या शेजारी तिचे नाव. अग्रिपिना खांबाला टेकून उभी, ती सुरक्षिततेची देवता. द्रुसिलाच्या हाती पूजेची तबकडी, ती सलोख्याची देवता. जुलियाच्या हाती सुकाणू, ती भाग्यदेवता. तिघींच्या हातांत फळाफुलांनी भरलेले शिंग. सुरक्षितता, सलोखा, भाग्य: नव्या राजवटीत काय मिळणार त्याची ही जाहीर यादीच. पुढे काय झाले पाहा. ३८ साली द्रुसिला वारली. ३९ साली उरलेल्या दोघींना भावाने कटाच्या आरोपावरून हद्दपार केले. नाणी मात्र बाजारात फिरतच राहिली असणार. सुरक्षितता देवी बेटावर कैदेत, आणि तिच्या चित्राने भाजी विकत घेतली जात होती.

दुसऱ्या शतकात ह्या प्रकाराला बहर आला. अँटोनायनस पायस सम्राटाची पत्नी थोरली फॉस्टिना १४० च्या सुमारास वारली. सिनेटने तिला देवत्व दिले, रोमच्या चौकात तिचे मंदिर उभारले, आणि तिच्या नावाची नाणी तिच्या मृत्यूनंतर वर्षानुवर्षे निघत राहिली. त्यांवर कधी शाश्वतीची देवता, कधी धान्याची देवता सेरेस हातात कणसे घेऊन. तिच्या नावाने गरीब मुलींसाठी एक निधीही काढला होता. त्या मुलींना 'फॉस्टिनाच्या मुली' म्हणत, आणि त्याची नोंदही नाण्यावर आहे. न्यायाने सांगावयाचे तर सर्वच पोकळ नव्हते. काही मुलींच्या पोटात त्यामुळे अन्न गेले.

तिची मुलगी धाकटी फॉस्टिना ही मार्कस ऑरेलियसची पत्नी. तिला निदान बारा मुले झाली. तिच्या नाण्यांवर 'फेकुंदितास' ही देवता येते. तिला आपण सुफलता किंवा संततिदेवी म्हणू. उभी स्त्री, दोन्ही हातांवर तान्ही बाळे, पायांशी आणखी दोन मुली. १६१ साली जुळी मुले झाली तेव्हा सिंहासनावर खेळणारी दोन बाळे आणि 'काळाचे सौभाग्य' असे शब्द असलेले नाणे निघाले. त्या जुळ्यांतला एक १६५ मध्ये गेला. तिची निम्म्याहून अधिक मुले तिच्या डोळ्यांदेखत गेली. पण ज्या नाण्यावर मूल जन्मले म्हणून वाजंत्री वाजली त्यावर मूल गेले म्हणून एक अक्षर उमटत नाही. नाण्यावरच्या बाईला रडावयाची परवानगी नसते.

आता ह्या धाकट्या फॉस्टिनाचा सेस्टर्शियस ज्याच्या हातात पडत असेल अशा एका माणसाकडे वळू. त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, हे मोठे नवल. आजच्या रुमानियात रोशिया मोंताना नावाच्या गावी रोमनांच्या सोन्याच्या खाणी होत्या. त्या खाणींत मेणाने मढवलेल्या लाकडी पाट्या सापडल्या, आणि त्यांतली एक म्हणजे मजुरीचा करार. तारीख २० मे १६४. मेम्मियस नावाचा मजूर त्या दिवसापासून १३ नोव्हेंबरपर्यंत खाणीत काम करील. त्याबद्दल त्याला ७० दिनार आणि जेवण मिळेल. मालकाच्या मर्जीविरुद्ध काम सोडले तर दिवसाला ५ सेस्टर्शियस दंड. खाणीत पाणी शिरून काम अडले तर तेवढ्या दिवसांची मजुरी कापली जाईल. हा करार दुसऱ्याने लिहिला, कारण मेम्मियसने आपल्याला अक्षर येत नसल्याचे सांगितले, असेही त्यात नमूद आहे.

तीस वर्षे करार वाचण्यात गेली आहेत, म्हणून मी हा हिशेब केल्याशिवाय राहू शकलो नाही. ७० दिनार म्हणजे २८० सेस्टर्शियस, दिवस १७८. म्हणजे जेवण वेगळे धरून दिवसाची मजुरी दीड सेस्टर्शियसहून किंचित अधिक, आणि एका दिवसाच्या गैरहजेरीचा दंड तीन दिवसांच्या मजुरीहून जास्त. पाणी शिरले तर तोटा मजुराचा, खाण मालकाची. अठराशे साठ वर्षांपूर्वीचा हा कागद आज एखाद्या ठेकेदाराच्या टेबलावर ठेवला तर त्याला फारसे काही बदलावे लागणार नाही. मेम्मियसला अक्षर येत नव्हते. पण हातातल्या सेस्टर्शियसवरची बाळे अंगावर घेतलेली राणी त्याला दिसत होती. ते चित्र त्याच्यासारख्यांसाठीच होते. राजाच्या घरी पाळणा हलतो आहे, तेव्हा तुमचेही बरे चालले आहे, असे ते त्याला सांगत होते.

तिसऱ्या शतकाच्या तोंडावर ज्युलिया डोम्ना येते. ती सिरियातल्या एमेसा नगरची, सेप्टिमियस सेव्हेरस सम्राटाची पत्नी. ती बुद्धिमान होती. पुढे मुलाच्या राज्यात अर्ज आणि पत्रव्यवहार तीच पाहत असे, असे त्या काळचा इतिहासकार कॅसियस डायो लिहितो. तिच्या नाण्यांवर व्हीनस, जूनो, वेस्टा, सिबेली अशा किती देवता आल्या! तिच्या बिरुदांची यादी वाढता वाढता सैन्यतळाची माता, सिनेटची माता, राष्ट्राची माता इथवर गेली. आणि २११ च्या डिसेंबरात तिच्या थोरल्या मुलाने, काराकल्लाने, धाकट्या गेटाला मारविले. तो आईच्या कुशीत आश्रयाला आला असता तिथेच त्याला मारले, असे डायो सांगतो. तिला शोक करण्याचीही मनाई होती. साऱ्या राष्ट्राची माता म्हणून जिचे तोंड बाजारात फिरत होते तिला आपल्या मुलासाठी डोळ्याला पदर लावता आला नाही.

येथवर मी नाण्यावरच्या बायकांविषयी बोललो. आता नाणे ठोकणाऱ्यांविषयी बोलतो, कारण त्यांच्यावरही एक देवीच होती. रोमच्या कॅपिटोल टेकडीवर जूनो मोनेटा देवीचे देऊळ होते. ख्रिस्तपूर्व ३४४ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. त्या देवळालगत टांकसाळ आली, आणि देवीचे नाव टांकसाळीला पडले. युरोपातल्या अनेक भाषांतले पैशाचे आणि टांकसाळीचे शब्द ह्या मोनेटापासून आले आहेत. पुढे तीही नाण्यावर आली. एका हातात तराजू, दुसऱ्या हातात समृद्धीचे शिंग. तराजू खरा आहे, नाणे पुऱ्या वजनाचे आहे, ही तिची ग्वाही.

तराजूमागे घाम होता. नाणे पाडण्याची क्रिया आपल्या कोणाही लोहाराला तेव्हाच समजेल. खालचा ठसा ऐरणीत रोवलेला; त्यावर तापवलेली चकती ठेवावयाची; वर दुसरा ठसा धरावयाचा; आणि घण घालावयाचा. एकदा, दोनदा, दिवसभर. रोममध्ये इसवी सन ११५ मधले काही शिलालेख सापडले आहेत. ते टांकसाळीतल्या कामगारांनीच देवतांना अर्पण केलेले आहेत. त्यांत ठसे सांभाळणारे, चकती ठेवणारे आणि घण मारणारे असे निरनिराळ्या कामांचे लोक नमूद आहेत. हे बहुतेक सम्राटाचे गुलाम आणि मुक्त केलेले गुलाम. लाखो नाण्यांवर दुसऱ्यांची नावे ठोकणाऱ्यांनी एकदा दगडावर आपली नावे कोरून घेतली, हे वाचून मला अतिशय बरे वाटले.

पुढे नाण्यातली चांदी घटत गेली. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात चांदीचे म्हणून जे नाणे चाले त्यावर चांदीचा केवळ मुलामा उरला, आणि मोठा पितळी सेस्टर्शियस बाजारातून नाहीसा होत गेला. भाव चढले. २७१ च्या सुमारास ऑरेलियन सम्राटाच्या वेळी रोमच्या टांकसाळ-कामगारांनी उठाव केला. खात्याचा अधिकारी फेलिसिसिमस त्यांचा पुढारी होता. सरकारचे म्हणणे असे की त्यांनी नाण्यात भेसळ केली आणि हिशेब मागताच ते उठले. कीलियन टेकडीवर लढाई झाली. सम्राटाचे ७,००० सैनिक पडले असा आकडा जुने लेखक देतात. आकडा फुगवलेला असेल. पण टांकसाळ काही काळ बंद ठेवावी लागली. भेसळ कोणी केली? जे चार घण मारत होते त्यांनी, की ज्यांनी दोन पिढ्या चांदी कमी करण्याचे हुकूम काढले त्यांनी? त्या उठावाची हकीकत आपल्यापर्यंत आली ती त्यांच्या शत्रूंच्या लेखणीतून. कामगारांचा जबाब कोणी लिहून ठेवला नाही.

ह्या ऑरेलियनची पत्नी सेव्हेरिना. तिच्याही नावाची नाणी निघाली, आणि त्यांच्यावर सर्वांत ठळक देवता कोणती? कॉन्कॉर्डिया, सलोख्याची देवी, दोन्ही हातांत सैन्याची निशाणे घेऊन. नाण्यावर सलोखा दिसला की ज्या वर्षी ते नाणे निघाले त्या वर्षी भांडण कोठे चालले होते ते शोधावे, अशी मला आता सवयच लागली आहे.

तुम्ही म्हणाल, हे सारे रोमचे झाले. औंधच्या लोकांना त्याचे काय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. त्या काळी आपल्या दख्खनचा व्यापार रोमशी चालत होता. पेरिप्लस नावाच्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून आणि तगर म्हणजे आजच्या तेरहून गाड्यांनी भडोचला माल जात असल्याचे लिहिले आहे: पैठणहून रंगीत दगड, तेरहून कापड. त्याच्या मोबदल्यात रोमचे सोने आणि चांदी येई. सोलापूर जिल्ह्यात दारफळला रोमन सोन्याची नाणी सापडली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत मिळालेली समुद्रदेव पोसायडनची सुबक कांस्यमूर्ती तिथल्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात आहे. मात्र महाराष्ट्रात मिळालेली रोमन नाणी प्रामुख्याने उंची धातूंची. फॉस्टिनाचा पितळी सेस्टर्शियस मेम्मियसच्या बाजारातच राहिला. व्यापाऱ्याला त्याचे ओझे परवडणारे नव्हते.

रोममधले श्रीमंत ह्या व्यापारावर रागावले होते. प्लिनी ह्या पंडिताने हिशेब मांडला की हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान मिळून दरसाल १० कोटी सेस्टर्शियस रोमकडून ओढून नेतात, आणि आपली चैन व आपल्या बायका आपल्याला एवढ्याला पडतात. म्हणजे नाण्यावर सद्गुणाची मूर्ती ती बाई, आणि नाणे घराबाहेर गेले म्हणजे त्याचा दोषही बाईचा! तेरच्या मागावर ज्यांनी ते कापड विणले त्यांचा उल्लेख प्लिनीला करावासा वाटला नाही.

त्या विणकरांचा शोध आपल्याच लेण्यांत लागतो. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून दिले आहेत: २,००० शेकडा दरमहा एक दराने, १,००० पाऊण दराने. मूळ रक्कम परत मागावयाची नाही. व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. हिशेब करून पाहा: २,००० चे वर्षाचे व्याज २४०, आणि वीस बारे २४०. बरोबर जुळतो. राजाचा जावई आपले पैसे विणकरांच्या संघटनेकडे ठेवतो, कारण राज्य बदलले तरी ती टिकेल असा त्याला भरवसा आहे. तो भरवसा खरा ठरावयाचीही वेळ आली: गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपला ठसा ठोकला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला १३,००० हून अधिक नाण्यांचा ठेवा निघाला, त्यांतली ९,००० हून अधिक अशी पुन्हा ठोकलेली आहेत. सातवाहनांच्या ठशाखालून नहपानाचे तोंड अजून डोकावते.

आणि आपल्याकडच्या बायका? सातवाहनांनी राणीचे तोंड नाण्यावर घातले नाही. पण आईचे नाव घातले. कोल्हापूरकडे राज्य करणाऱ्या कुर घराण्याची शिशाची जाड नाणी ब्रह्मपुरीच्या परिसरात मिळतात. त्यांवर धनुष्यबाण आहे आणि लेख आहेत: 'वासिठीपुत', 'गोतमीपुत', 'माढरीपुत'. शिशाचे नाणे म्हणजे अस्सल खुर्दा, बाजारकऱ्याच्या हातचा. त्यावर आईच्या नावाने राजा ओळखला जातो, ह्याचा अभिमान जरूर वाटावा. पण तो बेताने. वासिष्ठी किंवा गौतमी हे तिचे पाळण्यातले नाव नव्हे. ते तिच्या माहेरच्या गोत्राचे नाव, म्हणजे अखेर तिच्या बापाकडून आलेले. रोमने तोंड दिले आणि वर देवतेचे नाव घातले. आपण नाव दिले आणि तेही गोत्राचे.

ह्याला एक अपवाद आहे. नाणेघाटाच्या लेण्यात, जिथून कल्याणच्या बंदराकडे माल उतरत असे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला म्हणून मानला जाणारा एक मोठा लेख आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा, असे बहुतेक विद्वान मानतात. यज्ञ केले त्यांची यादी, आणि दक्षिणा दिली तिची: हजारो गाई, हजारो कार्षापण, सारे आकड्यांनिशी. त्याच लेण्यात राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, नावे उरली. एका जोडीच्या वर लिहिले आहे ते असे की देवी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णी. राणी आधी, राजा मागून. जुन्नर भागात मिळालेल्या चांदीच्या नाण्यावरही सातकर्णीबरोबर तिचे नाव आहे. तिथे ती देवता नाही, सलोखा नाही, संततीही नाही; ती नागनिका आहे. नाशिकच्याच लेण्यात नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिने एक खोली दान दिल्याचा लेख आहे, तिथेही तिचे नाव तिचेच आहे. हिशेबाच्या वहीत आणि दानाच्या लेखात बाई आपल्या नावाने सापडते. देवीचे रूप दिले की ते नाव झाकते.

ह्या औंधात हे बोलताना मला थोडी धास्ती वाटते. डोंगरावर यमाई आहे. 'ये माई' अशी हाक मारली म्हणून यमाई, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. देवीवर माझे काही म्हणणे नाही. आजीबरोबर तो डोंगर मीही चढलो आहे. देवीला हाक मारणारा भक्त तिच्याकडे काही मागतो, तिच्याशी भांडतोही. राजाने नाण्यावर घातलेल्या देवीशी कोणी भांडू शकत नाही, कारण ती राजाचेच बोलणे बोलते. फरक आहे तो इथे. आणि ह्याच डोंगराच्या उतारावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभे केले. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या संस्थानाचा कारभार लोकांच्या हाती देणारी राज्यघटना मंजूर केली. आपले तोंड नाण्यावर राहावे म्हणून धडपडणारे राजे इतिहासात पुष्कळ. आपली सही करून सत्ता सोडणारे थोडे.

१९३८ सालची आणखी एक गोष्ट. त्याच वर्षी इटलीत पाँपेईच्या राखेतून हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली. पाँपेई ७९ साली ज्वालामुखीत बुडाले, तेव्हा मूर्ती त्याआधीची. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. पुष्कळ वर्षे तिला लक्ष्मी म्हणत. आता अभ्यासक यक्षी म्हणतात. मला ती पाहताना वाटते की रोमहून राण्या सोन्यावर बसून इकडे आल्या आणि इकडून ही बाई हस्तिदंतातून तिकडे गेली. तेरला आणखी एक वस्तू सापडते: रोमन नाण्याची मातीची नक्कल, वरच्या अंगास दोरा ओवावयास जागा ठेवलेली. सोने ज्यांना परवडत नव्हते त्यांनी मातीचे नाणे गळ्यात घातले. पुढे व्हेनिसच्या मोहरा आल्या, त्यांवरच्या आकृती पाहून आपल्या बायकांनी त्यांना पुतळ्या म्हटले आणि पुतळ्यांची माळ केली. मग राणीछाप रुपये आले. परक्या राजाचा जाहीरनामा आपल्या बायकांनी कडी लावून दागिना केला आणि अडचणीच्या दिवसासाठी ठेवला. राजाच्या बोलण्याला ह्याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

आजीच्या माळेचे पैसे आम्हाला त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत पुरले. राणी आटली, तिचे मला दुःख नाही. सराफाने दिलेली पावती मात्र मी पुढे कागदपत्रांत पाहिली. तीवर वजन होते, घट होती, भाव होता, आणि विकणाऱ्याचे नाव म्हणून वडिलांचे नाव होते. माळ तिची, माहेर तिचे, सराफाशी बोलली ती. मी त्या पावतीच्या मागे शाईने तिचे नाव लिहून ठेवले आहे. तुमच्याही घरी अशी एखादी पावती असेल. एकदा उलटून पाहा.